हॉप्स सोडायला भांडं कुठलं: देवगडच्या प्रकल्प नोंदी

१४ मे

हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) पाण्यात सोडायचे, मुरवायचे आणि चोथा मागे न ठेवता बाहेर काढायचे. त्यासाठी पुन्हा पुन्हा वापरता येईल असं भांडं ठरवायचं, एवढंच काम. दर वेळी टाकून द्यायच्या कागदी पिशव्या नकोत.

चाचण्या बिअरवर नाहीत, बिनदारूच्या हॉप-पाण्यावर आहेत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. पण हॉप्सच्या गोळ्या पाण्यात काय आणि वर्टमध्ये (बिअर आंबवण्याआधीच्या माल्टच्या पाण्यात) काय, सारख्याच फुगतात आणि जाळीत सारख्याच अडकतात. जिथे परवाना आहे तिथे बिअर करणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

प्रत्येक चाचणीचं माप एकच: १० लिटर उकळून गाळलेलं विहिरीचं पाणी, २० ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (दाबलेल्या गोळ्या), सायट्रिक ॲसिड २ ते ३ ग्रॅम. आमच्याकडचं कातळातलं पाणी मऊ, त्यामुळे एवढ्यात पीएच ४ च्या आसपास येतो. पट्टी लावून बघायचं, डोळे झाकून ३ ग्रॅम ओतायचे नाहीत. पाणी ७५ अंशांवर आणायचं, गॅस बंद करायचा, हॉप्स २० मिनिटं ठेवायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर कडूपणा वाढतो आणि वास वाफेबरोबर जातो. हॉप-पाण्यात वास हवा असतो.

हॉप्स १०० ग्रॅमची दोन पाकिटं, ९०० रुपये. हवाबंद पाकिटं फ्रीझरमध्ये. किनाऱ्याच्या मे महिन्यात उघडं पाकीट बाहेर राहिलं तर हॉप्सना चीजसारखा आंबूस वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही.

१६ मे

पहिली चाचणी चहाच्या जाळीच्या गोळ्याची. साखळीवाला, ५ सेंमी व्यासाचा, १२० रुपये. वीस ग्रॅम गोळ्या दाबून बसवल्या, झाकण कसंबसं लागलं.

वीस मिनिटांनी पाण्याला रंग जवळजवळ नाही, वासही पुसट. गोळा उघडला तर आत एक घट्ट हिरवा लाडू. सुरीने मधोमध कापला. कडेचा अर्धा सेंमी थर ओला, गडद, चिकट. मधला गाभा कोरडा, फिकट, बोटाने दाबला तर भुगा होतो. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. वीसपैकी निम्मे ग्रॅम तरी फुकट.

१७ मे

कालचा हिशेब आधी करायला हवा होता. गोळ्यांचा १ ग्रॅम कोरडा असताना साधारण २ मिली जागा घेतो आणि भिजल्यावर पाचपट, म्हणजे १० मिलीच्या घरात फुगतो. चहाच्या गोळ्याची आतली जागा ६५ मिली. वीस ग्रॅमला फुगल्यावर २०० मिली लागतात.

फुगून जेमतेम मावले तरी पुरत नाही, मधून पाणी फिरायला हवं. म्हणून नियम केला: फुगलेले हॉप्स भांड्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. म्हणजे दर ग्रॅममागे ३० मिली. वीस ग्रॅमला ६०० मिली. पुढचं प्रत्येक भांडं विकत घ्यायच्या आधी याच मापाने तपासलं.

या मापाने चहाचा गोळा फक्त २ ग्रॅमच्या कामाचा. एका बाटलीची चव घेऊन बघायला ठेवून दिला.

२० मे

मलमल. पांढरं, न रंगवलेलं, एक मीटर ९० रुपये. कापून ३० बाय ४० सेंमीच्या तीन पिशव्या शिवल्या, शिवण दुहेरी आणि बाहेरच्या बाजूला. आतल्या शिवणीत चोथा बसतो आणि तिथेच सडतो.

नवं कापड थेट वापरू नये. त्याला खळ असते. आधी धुण्याचा सोडा घालून २० मिनिटं उकळलं, पाणी दुधट झालं. ते ओतून पुन्हा साध्या पाण्यात दोनदा उकळलं. दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ राहिलं तेव्हा थांबलो.

निकाल आजवरचा सर्वात चांगला. पिशवी ढगळ, हॉप्स मोकळे, वास भरपूर, पाणी नितळ. एकच तोटा: कापड पाणी धरून ठेवतं. पिशवी टांगून ठेवली तरी जवळजवळ पाव लिटर कमी भरलं. पिळली तर ते पाणी मिळतं, पण गढूळ आणि तुरट. पिळू नये.

२४ मे

नायलॉनची पिशवी, बदामाचं दूध गाळायला विकतात ती. २५० रुपये. जाळी फार बारीक, २०० नंबरची (नंबर जितका मोठा तितकं भोक बारीक). दहा मिनिटांत हॉप्सच्या पिठाने भोकं बुजली. पिशवी टोपातून उचलली तर फुग्यासारखी भरलेली, पाणी खाली उतरेना. पाच-सहा मिनिटं हातात धरून ठेवावी लागली.

त्यात दुसरी चूक झाली. पिशवीची कड टोपाच्या काठावरून बाहेर लोंबत होती आणि पाणी तापत असताना बाजूने वर आलेल्या ज्योतीने ती वितळली. बोटभर भोक पडलं. २५० रुपये एका दिवसात गेले. नायलॉन वापरायचंच असेल तर गॅस बंद केल्यावरच पिशवी टोपात सोडावी. जाळी ८० ते १०० नंबरची घ्यावी, २०० ची नको.

२ जून

तयार स्टीलची नळी आली. ७ सेंमी व्यास, २५ सेंमी लांब, दोन्हीकडे फिरकीची झाकणं, ८५० रुपये. आतली जागा ९६० मिली, म्हणजे ३२ ग्रॅमपर्यंत चालेल. टोप २६ सेंमी व्यासाचा, त्यात नळी आडवी जेमतेम बसली. विकत घेताना आपल्या टोपाचा व्यास मोजून घ्या, एक सेंमीने अडते.

हॉप्स छान भिजले, मधला गाभाही ओला. पण जाळी ४० नंबरची, भोक ०.४ मिमीच्या आसपास. गोळ्या भिजल्या की त्यांचा भुगा होतो आणि तो या भोकातून सरळ बाहेर येतो. तळाला हिरवा गाळ बसला.

गाळ बसू दे, वरचं पाणी घेऊ, असं ठरवून ते गार केलं आणि दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीत ४ अंशांवर ३० पीएसआय दाबाने सोड्याचा गॅस भरला. बाटली उघडताच अर्धं पाणी उसळून ओट्यावर. पाण्यात तरंगणाऱ्या प्रत्येक बारीक कणावर गॅसचा बुडबुडा धरतो आणि सगळा वायू एकदम सुटतो. साध्या पाण्यात तेवढाच गॅस भरून बघितला, काही झालं नाही. म्हणजे दोष गॅसचा नव्हता, जाळीचा होता.

पाणी मुरवून तसंच प्यायचं असेल तर ही नळी चालेल. सोडा करायचा असेल तर पुन्हा मलमलीतून गाळावं लागतं. मग नळीचा उपयोग काय?

९ जून

मृगाचा पाऊस लागला. मलमलीच्या तिन्ही पिशव्या तीन दिवस घरातल्या वळईत दोरीवर, तरी दमट. शिवणीपाशी बारीक काळे ठिपके आणि कुबट वास. उकळल्यावर वास गेला, ठिपके राहिले. ठिपक्यांची पिशवी पुन्हा खाण्यापिण्याला वापरली नाही, तीनपैकी दोन बाद.

१३ जून

उरलेली पिशवी चुलीच्या वर सुकवली. दोन तासांत खडखडीत. तीच वापरून केलेल्या पाण्याला मात्र धुराचा वास, इतका की हॉप्स ओळखू येईनात. कापूस धूर धरून ठेवतो आणि ७५ अंशांचं पाणी तो सोडवून घेतं. दहा लिटर पाणी आणि २० ग्रॅम हॉप्स ओतून दिले.

कोरड्या हवेच्या गावात मलमल हेच उत्तर आहे: स्वस्त, कुठेही मिळतं, गाळतं उत्तम. कोकणात ऑक्टोबर ते मे वापरा. पावसाळ्याचे चार महिने वापरायचंच तर पिशवी धुऊन, पिळून, डब्यात घालून थेट फ्रीझरमध्ये ठेवा. ओली गोठलेली चालते, दमट लोंबलेली चालत नाही.

१८ जून

स्टीलच, पण ६० नंबर जाळीचं, घरच्या मापाचं करून घ्यायचं ठरलं. ६० नंबरचं भोक पाव मिलिमीटरच्या आसपास. ८० नंबर आणखी स्वच्छ गाळेल, पण २०० नंबरच्या पिशवीचा अनुभव बघता बुजण्याची भीती वाटली.

जाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मागवली, ३०४ ग्रेड, एक चौरस मीटर ६५० रुपये, एस.टी.च्या पार्सलने. स्टीलची ग्रेड ओळखायला चुंबकावर भरवसा ठेवू नये. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि उलट अस्सल ३०४ ची तार ओढून बारीक केलेली असल्याने तिला थोडा चिकटू शकतो. केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावून तपासतात, ते दुकानातच करून घ्यावं.

माप: १० सेंमी व्यास, २० सेंमी उंच, वरून उघडं, काठाला तीन आकडे. टोपात १० लिटर पाणी साधारण १९ सेंमी चढतं. भांडं काठाला टांगलं की १६ सेंमी पाण्यात राहतं, म्हणजे सव्वा लिटर जागा. चाळीस ग्रॅमपर्यंत निश्चिंत.

२१ जून

कुडाळ एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करून घेतलं. फसलं. ६० नंबरची तार केसासारखी, टॉर्च जवळ नेताच वितळून गोळा होते. शिवणीच्या कडेने वाटाण्याएवढी भोकं पडली. मजुरी ४०० आणि जाण्यायेण्याचा दिवस गेला. दोष कारागिराचा नाही, नुसत्या जाळीवर वेल्डिंग सांगायलाच नको होतं.

२५ जून

दुसरा प्रयत्न. जाळीची कड ०.८ मिमी पत्र्याच्या दोन पट्ट्यांमध्ये धरली आणि स्पॉट वेल्डिंगने दर ८ मिमीला टाका मारला. तळाची चकती १२ सेंमीची कापून कड वर दुमडली, तिलाही तशीच पट्टी. वरच्या काठाला ३ मिमीची सळी वळवून कडी, आकडे त्या कडीला आर्गनने. तिथे धातू जाड असल्याने आर्गन नीट बसतं.

मजुरी ७००. पाण्यात धरून उजेडाकडे बघितलं, कुठे मोठं भोक नाही.

२८ जून

नव्या भांड्याला मशीनचं तेल असतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा (लिटरला १० ग्रॅम) घालून अर्धा तास, मग ब्रश, मग साधं पाणी. त्यानंतर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडच्या ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. यामुळे वेल्डिंगच्या वेळी वर आलेलं लोखंड निघून जातं आणि स्टीलवरचा संरक्षक थर परत धरतो. ही पायरी टाळू नये, विशेषतः खाऱ्या वाऱ्याच्या गावात.

२ जुलै

पहिला घाणा. हॉप्स सुटे टाकले, चमच्याने दर पाच मिनिटांनी हलवले. वीस मिनिटांनी भांडं वर उचललं, दीड मिनिटात निथळलं. पाणी फिकट पिवळं, किंचित धूसर, तळाला गाळ नावापुरता. सोडा भरून उघडला, उसळला नाही.

मलमलीत पाव लिटर पाणी अडकायचं, इथे १०० मिलीच्या आत.

६ जुलै

गार पद्धत: ४ अंशांवर २४ तास, १० लिटरच्या झाकणाच्या स्टील डब्यात, फ्रीजचा एक खण काढून. कडूपणा फारच कमी, वास ताजा. यासाठी भांडं पूर्ण बुडायला हवं, म्हणून जाळीचंच झाकण केलं. झाकणासकट भांडं तरंगलं, कारण कोरड्या हॉप्समध्ये हवा असते. दोन जड स्टीलचे चमचे आत टाकले आणि ते बसलं. काचेच्या गोट्या टाकू नका, त्यांच्या रंगात आणि काचेत काय असतं ते सांगता येत नाही.

वर ओढायला दातांचा धागा बांधला होता. तो पुदिन्याचा निघाला आणि सगळं पाणी टूथपेस्टसारखं झालं. आता नवी, न वापरलेली तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) उकळून वापरतो. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, गाठ सुटत नाही, वास नाही. तंगुसाची गाठ दोन वेढ्यांची घाला, एका वेढ्याची घसरते.

१४ जुलै

खालच्या पट्टीच्या कडेला तपकिरी ठिपके. चार-पाच, टाचणीच्या डोक्याएवढे.

कारण शोधायला दोन दिवस गेले. ११ तारखेच्या घाण्यात रंगासाठी कोकमाचं आगळ टोपातच घातलं होतं आणि भांडं रात्रभर आत राहिलं होतं. आगळात मीठ असतं. मीठ आणि आंबट एकत्र आले की ३०४ ग्रेडलाही खातात, आणि पहिल्यांदा तिथेच खातात जिथे दोन पत्र्यांच्या फटीत पाणी साचून राहतं. आपल्या पट्ट्यांची फट नेमकी तशी आहे. मधल्या मोकळ्या जाळीवर एकही ठिपका नाही.

आता आगळ ग्लासात, पिताना घालायचं. २०० मिलीला एक चमचा. चवीला तसंच जास्त चांगलं लागतं, हॉप्सचा लिंबाच्या सालीसारखा वास आणि कोकम एकमेकांना धरून राहतात.

पुन्हा करायचं झालं तर पट्ट्या ३१६ ग्रेडच्या घेईन. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त टिकतं. किंवा पट्टीच नको, जाळी दोनदा दुमडून तिच्यावर टाके.

१६ जुलै

ठिपके काढले: सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी, अर्धा तास, मऊ टूथब्रश. चार गेले, एक राहिला. तिथे नखाला खड्डा लागतो.

२२ जुलै

धुण्याबद्दल, कारण यावर सर्वात जास्त वेळ गेला. हॉप्सची राळ जाळीला चिकट पिवळा थर धरते. साबणाने निघत नाही. ती क्षारात विरघळते, म्हणून गरम पाणी, धुण्याचा सोडा लिटरला १० ग्रॅम, अर्धा तास भिजवणं. मग नळाची धार बाहेरून आत, म्हणजे उलट दिशेने. शेवटी आंबट पाण्यात एक बुचकळी आणि पंख्याखाली सुकवणं.

काय वापरू नये: तारेची घासणी (तिचे तुकडे जाळीत अडकून गंजतात आणि भांडंच गंजलं असं वाटतं), काथ्या (धागे अडकतात), ब्लीच (स्टीलला खड्डे पडतात). धुऊन ओट्यावर ठेवू नका. समुद्राकडच्या खिडकीशी तर नकोच. सुकलं की झाकणाच्या डब्यात.

वापरायच्या आधी मोदकपात्रात १५ मिनिटं वाफ. भांडं पात्राहून उंच असेल तर आडवं ठेवावं.

३० जुलै

चोथ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. पोटात गेले तर अंगाचा ताप झपाट्याने चढतो, जीव जाऊ शकतो. माडाच्या आळ्यात चोथा उघडा टाकू नका, फूटभर खोल पुरा आणि वर दगड ठेवा. घरात कुत्रा असेल तर पाकीटही वरच्या फळीवर.

८ ऑगस्ट

दोन दिवस वीज नव्हती. गार घाणा २४ तासांऐवजी ५० तास राहिला, तोही १८-२० अंशांवर. पाणी गवतासारखं, जिभेला कोरड पडेल इतकं तुरट. ओतलं. वीज गेली की भांडं लगेच वर काढायचं, वास थोडा कमी आला तरी चालेल.

आतापर्यंतचा खर्च: चहाचा गोळा १२०, मलमल ९०, नायलॉन २५०, तयार नळी ८५०, जाळी ६५०, मजुरी ४०० आणि ७००. एकूण ३,०६०. हॉप्स वेगळे. थेट २५ जूनच्या भांड्यापासून सुरुवात केली असती तर १,३५०, आणि जाळी अर्धा मीटर पुरली असती. उरलेल्या जाळीतून अजून दोन भांडी निघतील.

१९ ऑगस्ट

अकरावा घाणा, ३५ ग्रॅम हॉप्स. १७ मेच्या नियमाने १,०५० मिली लागतात, भांड्यात सव्वा लिटर. निथळायला पावणेदोन मिनिटं. कापून बघायला आत लाडू झालाच नव्हता, सगळा चोथा ओला आणि सुटा. पट्टीवरचा खड्डा आहे तेवढाच आहे, नवा ठिपका नाही. तयार नळी देऊन टाकली, हॉप्सची सुटी फुलं वापरणाऱ्याला ४० नंबर पुरते, कारण फुलांचा भुगा होत नाही. दुसऱ्या भांड्यासाठी ३१६ च्या पट्ट्यांची चौकशी केली आहे.